पिराजीचं दूध

शाहूपुरी, कोल्हापूर
कार्तिक वद्य पंचमी, शके १८३४

कृष्णाता,

आशीर्वाद लिहावा का नको, ह्या विचारात टाकावरची शाई वाळली. लिहिला असं समज.

तुझी बायको माझ्याकडं आलीया. काल दिवस मावळायच्या आत गुळाच्या गाडीवर बसून आली. दारात उभी राहून म्हणाली, "दवाखान्यातल्या तानाबाई हितंच ऱ्हात्यात का?" मी म्हटलं, "मीच ती. कुठनं आलासा?" तिनं नाव सांगायच्या आधी पदर बाजूला केला आणि बाळाचं तोंड दाखवलं. मग म्हणाली, "मी तुमची भावजय, वन्सं. चिमणी."

तुझ्या लग्नाचं मला बोलावणं नव्हतं, तवा मी तिला वळखणार कशी? आईनं तिला गुपचूप सांगून ठेवलं होतं म्हणं, की तुला एक नणंद हाय आणि ती कोल्हापुरात बाळंतपणं करती. तू तर माझ्या नावानं आंघोळ करून मोकळा झाला होतास. माझा नवरा पिलेगात गेला, मी दवाखान्यात काम शिकले, ह्याच्या-त्याच्या घरच्या बायांना हात लावला, एवढ्यावर मी तुला मेले. असू दे. तो इषय आज न्हाय.

तू चंदगडच्या रानात ठेकेदाराच्या लाकडावर मुकादम झालायस, हे चिमणीकडनं कळलं. बाळाचं तोंड बघितलंस, पटका बांधलास आणि "जगलं तर कळवा" म्हणून आईला सांगून निघून गेलास, हेबी तिच्याकडनंच कळलं. म्हणून कळवतीया. जगलंय.

वरचा ओठ नाकापतोर फाटलाय, ते तू बघितलंस. आत टाळूलाबी फट हाय, ती तुला दिसली नसंल. लेकरू दूध ओढतं तवा तोंड घट्ट मिटावं लागतं. ह्याचं मिटत न्हाय. ओढायला जातं आणि नुसता वारा जातो. आई कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजत होती, ते निम्मं नाकातनं येत होतं. चिमणीच्या पदराला दूध पाझरत होतं आणि पोर उपाशी होतं. कुणाला न विचारता ती घरातनं निघाली. मी असते तर मीबी निघाले असते.

आई म्हणती, चैत्रातल्या गिराणात चिमणीनं विळीवर भाजी चिरली, म्हणून असं झालं. मी लई बाळंतपणं केल्यात रे. गिराणात नांगर धरलेल्या बायांचीबी केल्यात. त्यांची पोरं धडधाकट हाईत, माझ्या दारावरनं दंगा करत जात्यात. चिमणीचा दोष न्हाय, हे तू लिहून ठेव डोस्क्यात.

बाळ बरं हाय. काळजी करू नको.

आणि एक. हे पत्र ठेकेदाराच्या कारकुनाकडनं वाचून घिऊ नको. बायकांच्या गोष्टी हाईत. तुला वाचता येतं. एकाच पाटीवर शिकलोय आपण, तू शाळेत आणि मी तुझ्यामागनं चुलीपाशी.

तानाबाई


शाहूपुरी
कार्तिक अमावास्या

कृष्णाता,

मागल्या पत्रात "बाळ बरं हाय" असं लिहिलं, ते खरं नव्हतं. चिमणी माझ्यासमोर बसली होती आणि काय लिवलंसा ते वाचून दाखवा म्हणाली असती. दाखवलंबी. ते वाक्य ऐकल्यावरच तिनं त्या दिवशी भाकरीचा घास घेतला.

खरं हे, की त्याची डोस्क्यावरची टाळू खोल गेलती. रडायला गेलं तर आवाज फुटत नव्हता. माझी शेजारीण मदिना, तिचा नवरा भांड्यांना कल्हई करतो, तिचं रांगतं पोर हाय. तिनं बघितलं आणि म्हणाली, "आणा हिकडं, माझ्याला लावून बघूया." लावलं. तिच्यालाबी ओढता आलं न्हाय त्याला. मदिनाच रडाय लागली. चिमणी तिला समजावत बसली.

सकाळी मी दोघांना घेऊन दवाखान्यात गेले. आमची डॉक्टरीणबाई विलायतेची हाय. मराठी पुस्तकात शिकलीया, म्हणून पुराणातल्यागत बोलती. तिनं बाळाच्या तोंडात बोट घालून बघितलं. म्हणाली, "हे मूल चोखू शकणार नाही. परंतु गिळू शकते. आईचे दूध बाहेर काढून पाजावे. आईचेच. शेळीचे नको." आणि तिच्या खोलीतनं एक वस्तू आणून चिमणीच्या हातात दिली.

काचेची हाय. एका बाजूला वाटीगत तोंड, खाली पोट, त्यात दूध साठतं, आणि मागल्या बाजूला तांबड्या रबराचा फुगा. सरकारच्या मोटारीला वाजवायला भोंगा असतोय बघ, तसला फुगा. चिमणीनं तो दाबला, तर फुस्स झालं. ती दचकली. मग मला हळूच इचारलं, "वन्सं, ह्यो भोंगा मी कुणाला वाजवून दाखवायचा?" त्या दिवसांत ती पहिल्यांदा काहीतरी गमतीचं बोलली. तवापास्नं आमच्या घरात त्याला भोंगाच म्हणत्यात.

पण पहिल्यांदा लई हाल झाले तिचे. फुगा पुरता दाबायचा, वाटी लावायची आणि एकदम सोडायचा, असं ती करत होती. जितकं जोरात ओढंल तितकं पोराला दूध जास्त, असा तिचा हिशेब. बोंडशी ताणून लाल झाली, चिरली. दूध आलं ते थेंबभर आणि त्यात रक्ताची रेघ. मी म्हटलं, "थांब." ती थांबंना. दातांत पदर धरून करत राहिली. दुसऱ्या दिवशी डाव्या बाजूला दगडागत गाठ आणि अंगात ताप.

ते दोन-चार दिवस कसे काढले ते मी लिहीत न्हाय. दूध उतरंना, पोर रडंना. मदिनानं आपलं दूध वाटीत पिळून दिलं, ते चोचीच्या बोंडल्यानं थोडं थोडं पाजत आम्ही त्याला धरून ठेवलं. कुणाचं दूध पाजलं म्हणून तू तिकडं बोंबलशील तर बोंबल. तुझ्या लेकराच्या पोटात गेलं आणि तिथंच राहिलं.

आज ताप उतरलाय. बाळ आज सकाळी ओरडलं. चांगलं खणखणीत ओरडलं. मदिना भिंतीपलीकडनं म्हणाली, "अल्ला, ह्यो आवाज कुणाचा?"

एवढंच.

तानाबाई


शाहूपुरी
मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी

कृष्णाता,

तुझं काही पत्र न्हाय. मी वाट बघत न्हाय, नुसतं लिहितीया.

आई आलीया. सुनंला घरी न्यायला म्हणून आली होती. उंबऱ्याच्या आत यायच्या आधीच तोंड सुरू. "असली सून बघितली न्हाय, नवरा गावात न्हाय आणि ही गाडीवर बसून हुंदडती." मला काही बोलली न्हाय. माझ्याकडं बघितलंबी न्हाय. मी पायावर पाणी घातलं, ते घेतलं.

चिमणी नेमकी तवा भोंगा लावून बसली होती. आई दारातच थबकली. म्हणाली, "अगं बया! बाई हाय का म्हस हाय? यंत्रानं पिळायला लागली व्हय!"

मला वाटलं चिमणी आता भोंगा टाकून रडत बसती. तर ती हलली न्हाय. नजर खाली, हात चालूच. म्हणाली, "व्हय आत्ती, म्हसच समजा. पर म्हस सुदीक रेडकू फुडं आणल्याबगार पान्हा सोडत न्हाय. तेवढं तुमच्या नातवाला माझ्या मांडीवर द्या."

आई उभी राहिली. मग पिशवी खाली ठेवली आणि पोराला उचलून तिच्या मांडीवर दिलं. आणि कृष्णाता, तुला काय सांगू, काचेच्या पोटात धार लागली. आई वाकून बघत राहिली.

दूध निघाल्यावर मी बोंडल्यात ओतलं. पोराला उभं धरायचं, मान हातावर, बोंडल्याचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, आणि थेंब-थेंब सोडायचं. आडवं पाजलं तर नाकात जातं. मी दाखवत होते, तोवर आईनं माझ्या हातातनं बोंडलं काढून घेतलं. "सर, मला नको शिकवू. तुला मी ह्यानंच वाढवलीया." तिनं पाजलं. थोडं नाकातनं आलं, बाकीचं गिळलं. तिनं पदरानं त्याचं नाक पुसलं, मग ओठ पुसला, ती फट असते तिथंसुद्धा. मग माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांनी.

आज राहिलीया. उद्या जाते म्हणती. गेले काही दिवस रोज उद्या जाते म्हणती.

बाळाचं बारसं राहिलं होतं. जगंल का न्हाय ते ठाऊक नसताना कोण करणार? चिमणी म्हणाली, "आता करूया." नाव काय ठेवायचं, तर तुझी वाट बघावी असं आई म्हणाली. चिमणी म्हणाली, "त्यास्नी ठेवायचं असतं तर इथं असते." मदिनानं त्याच्यासाठी पिराला ऊद जाळला होता, म्हणून नाव ठेवलंय पिराजी. आई म्हणाली, आपल्या चुलत्याचंबी हेच नाव होतं. म्हंजे सगळ्यांचं समाधान.

तुझ्या लेकाचं नाव पिराजी हाय.

तानाबाई


शाहूपुरी
पौष शुद्ध नवमी

कृष्णाता,

तुझं कार्ड आलं. मी दवाखान्यातनं आले तर आई कार्ड पाटावर ठेवून त्याच्यासमोर बसली होती. तिला वाचता येत न्हाय आणि चिमणीलाबी न्हाय. कुणाचं हाय ते मात्र दोघींनाबी ठाऊक होतं.

एकच ओळ. "तिला दुखतं का?"

मी मोठ्यानं वाचलं. चिमणी म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं. मग उठून बाहेर गेली आणि मदिनाच्या दारात जाऊन उभी राहिली, उगाचच. आली तवा म्हणाली, "त्यास्नी लिवा, आता न्हाय दुखत. कसं ते बी लिवा, न्हाईतर खरं वाटायचं न्हाय."

तवा लिहिते. तू मुकादम हायस, कामाची रीत तुला समजंल.

ताप उतरल्यावर डॉक्टरीणबाईनं चिमणीला समोर बसवलं आणि म्हणाली, "बाई, हळू. हळू हेच औषध आहे. दुखू लागले तर ते चुकले असे समजावे." ही गोष्ट आधी कुणी तिला सांगितली नव्हती. तिला वाटत होतं, आई झाली म्हंजे दुखणारच आणि सोसलं म्हंजेच पोर जगणार.

आता ती आधी भिंतीला वाकळंची गुंडाळी लावती आणि तिला पाठ टेकून बसती. वाकून बसलं की खांदे भरून येत्यात. मग ऊन पाण्यात पिळलेलं फडकं छातीवर ठेवती. ते निवलं की काखेकडनं खाली हातानं हळूहळू चोळती, गाठ असंल तिथं जरा जास्त वेळ. काचेची कड कोमट पाण्यानं ओली करती म्हंजे ती कातडीला ओढत न्हाय. बोंडशी वाटीच्या मधोमध आली का न्हाय ते बघती; कडेला घासली की चिरती. फुगा निम्माच दाबायचा. आणि सोडताना सावकाश, पोर ओढतं आणि थांबतं, ओढतं आणि थांबतं, तसं. धार मंद झाली की दुसरी बाजू. दुखलं की बोटानं कड उचलायची, वारा आत गेला की वाटी आपसूक सुटती. ओढून काढायची न्हाय. तिनं पहिल्यांदा ओढूनच काढली होती.

आणि दिवसातनं पुष्कळ वेळा, पोराला भूक लागंल तशी. लई वेळ ठेवलं की दाटतं आणि मग परत गाठ.

पिराजी मांडीवर असला तर लवकर उतरतं. तो झोपलेला असंल तर त्याच्या अंगावरचं फडकं जवळ घेती, वास घेती. सुरवातीला मी हसले होते. आता हसत न्हाय.

झालं की मदिनाच्या तांब्याच्या पातेल्यात काच उकळायची. गरम काचेवर गार पाणी घालायचं न्हाय, तडकंल. हे काम आईनं आपल्याकडं घेतलंय. कुणी हात लावला तर वसकन अंगावर येती.

दवाखान्यात एक बाई आली, तिचं पोर दिवस भरायच्या आधी झालेलं, ओढायला ताकद नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाली, तुमच्या भावजयीला घेऊन या. चिमणी गेली. त्या बाईपाशी बसली, भोंगा आपल्या हातावर लावून दाखवला, म्हणाली, "भिऊ नगा. ह्यो चावत न्हाय. आपण घाई केली तरच चावतोय." ती बाई हसली.

तर आता दुखत न्हाय. तू विचारलंस, म्हणून सांगितलं.

पिराजी जाड झालाय. मांडीला वळी पडल्यात.

तानाबाई


शाहूपुरी
माघ शुद्ध द्वादशी

कृष्णाता,

थोडक्यात लिहिते. पिराजीचा ओठ शिवायचा ठरलाय. अंगानं भरलाय, म्हणून आता सोसंल असं डॉक्टरीणबाई म्हणती. हिथं न्हाय, मिरजेच्या दवाखान्यात. तिथं असली कामं करत्यात. आधी ओठ. टाळू नंतर, मोठा झाल्यावर.

मिरजेला माघ वद्य षष्ठीला बोलावलंय. मी रजा घेतलीया. आई इथंच राहील. तिला म्हटलं चल, तर म्हणती, "शिवताना मला बघवायचं न्हाय. शिवून आणा, मग बघते."

गुंगीचं औषध हुंगवत्यात आणि मग शिवत्यात. धोका हाय का, असं विचारशील. हाय. मी चिमणीला सांगितलंय. ती म्हणाली, "एवढं थेंब-थेंब करून वाढवलंय, आता मागं फिरायचं कशाला?" पण कालपास्नं दूध कमी उतरतंय तिचं. भ्यालीया. मला दाखवत न्हाय.

बेळगावास्नं आगगाडी थेट मिरजेला येती, एवढं तुला ठाऊक असावं म्हणून लिहितीया. ये, असं मी म्हणत न्हाय. तुला कळवलं न्हाय असं नंतर म्हणू नको, म्हणून.

तानाबाई


शाहूपुरी
फाल्गुन शुद्ध सप्तमी

कृष्णाता,

तू चंदगडला पोचला असशील. ठेकेदाराचा हिशेब मिटवून पाडव्याला येतो म्हणालास, चिमणीनं ते मनात धरलंय. आज मिरजेहून टाके काढून आलो. जखम कोरडी हाय, ओठ धरलाय. नाकाकडं एक रेघ राहणार, ती मोठेपणी मिशीत झाकंल असं तिथले डॉक्टर म्हणाले. आईनं बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग कोपऱ्यात जाऊन बसली. तिथनं म्हणाली, "ह्यो तर कृष्णातागत दिसतोय." त्याच्या तोंडावर तुझं तोंड हाय, हे आजवर कुणाला दिसलंच नव्हतं.

पण मी हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितीया. मिरजेला त्या दिवशी तू पाठ करून उभा होतास, म्हणून तुला दिसलं न्हाय ते तुला ठाऊक असावं.

तू आलास तवा पिराजीला आत नेलं होतं. तू ओसरीच्या पायरीशी उभा, पायांवर धूळ, खांद्यावर घोंगडं. मी तुला बघितलं आणि चिमणीला कोपरानं खुणावलं. चिमणीनं एकदाच वर बघितलं आणि पदर पुढं ओढला. रागानं न्हाय रे. तिला त्या वेळी कुणाकडंच बघायचं नव्हतं, त्या बंद दाराकडं सोडून.

छाती दगड झाली होती तिची. सकाळपास्नं पोर उपाशी ठेवलेलं, गुंगी द्यायची म्हणून. दूध काढणं भाग होतं. आणि शुद्धीवर आला की त्याला लागणार, तेबी होतं. ओसरीत तर सगळी बाप्यांची गर्दी. तिथल्या बाईनं आत खोली दाखवली, पण चिमणी दार सोडून हलंना. "हितंच बसते. त्याचा आवाज आला पायजे मला." मग कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसली. मी पुढं लुगडं धरायला बघत होते, पण माझ्या एका हातात ऊन फडकं आणि दुसऱ्यात भोंगा.

तवा तू पुढं आलास. खांद्यावरचं घोंगडं काढलंस, दोन्ही हात पसरून आमच्यापुढं धरलंस आणि आमच्याकडं पाठ केलीस. कुणीतरी हसून म्हणालं, "काय पावणं, आडोशाला काय बाजार मांडलाय?" आणि तू अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणालास, "माझी बायको माझ्या पोराचं दूध काढतीया. हसायचं असलं तर बाहेर जाऊन हसा." कुणी हसलं न्हाय परत. एक म्हातारा उठला आणि बाकीच्यांना घेऊन ओसरीच्या पलीकडल्या टोकाला जाऊन बसला.

आता घोंगड्याच्या आतलं सांगते.

तू ते बोललास तवा चिमणीचा हात फुग्यावरच थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं, बरोबर ऐकलं का, असं विचारल्यागत. मी मान हलवली. पण दूध आलं न्हाय. फडकं ठेवलं, चोळलं, कड ओली केली, सगळं रीतीप्रमाणं केलं. काच कोरडी. फुगा दाबायचा, सोडायचा, कोरडी. तिचे ओठ पांढरे पडले होते. "वन्सं, आटलं का ओ?" असं इतक्या हळू म्हणाली, की तुला ऐकू गेलं नसंल. मी म्हटलं, "न्हाय आटत. भ्यालंय ते." म्हटलं खरं, पण मलाच धीर नव्हता. आत इतका वेळ लागला की काय होऊ शकतं, हे मी एकटी जाणत होते, कारण गुंगीतनं न उठलेली पोरं मी बघितल्यात. तिला ते कधी सांगितलं न्हाय. तुला सांगते.

आणि मग आतनं तो रडला.

तुला तो आवाज ओळखू आला न्हाय. तू मान वळवलीस आणि "कुणाचं?" म्हणालास. तू त्याला कधी धड रडताना ऐकलंच नव्हतंस. पण चिमणीनं ऐकलं, आणि तिनं फुग्याला हातसुद्धा लावला नव्हता रे. नुसती काच टेकलेली होती. धार सुटली. एका बाजूनं काचेत, दुसऱ्या बाजूनं चोळीतनं, मांडीवर, फरशीवर. मी हातातलं फडकं लावलं, तेबी भिजलं. काचेचं पोट भरलं, ते बोंडल्यात ओतलं, परत लावलं, परत भरलं. तिला काहीसुद्धा दुखत नव्हतं. ती हसत होती. तू हुंदके ऐकलेस ना? ते रडणं नव्हतं. तोंडावर पदर घेऊन ती हसत होती आणि म्हणत होती, "ऐकलासा? वन्सं, ऐकलासा कसा वरडतोय? कोल्हापूरला ऐकू जाईल."

मी वर बघितलं तर तू घोंगडं आणखी उंच धरलं होतंस. ते खाली आलं न्हाय. तिनं चोळी नीट केली, मी म्हटलं "झालं", तरी तू धरूनच उभा.

बाकीचं तुझ्यासमोरच झालं. पिराजीला बाहेर आणलं, तोंड सुजलेलं, ओठावर काळे टाके. तू बघितलंस आणि ह्या वेळी गेला न्हाईस. चिमणीनं बोंडलं तुझ्या हातात दिलं, मला न्हाय. मी सांगत होते, उभा धर, गालाच्या आत सोड, घाई करू नको. पहिला घोट नाकातनं आला आणि तू घाबरलास. "आक्का, हे बघ काय झालं!" म्हणालास. टाळू अजून उघडी हाय, थोडं येणारच, अजून वरीसभर येणार. तिनं तुझ्या हातावर हात ठेवला आणि पुढलं पाजलं.

डॉक्टर म्हणाले, हा अंगावर प्यायला लागंल असं धरून चालू नका. टाळू शिवंपर्यंत भोंगाच. चिमणी म्हणाली, "मग भोंगा तर भोंगा." डॉक्टरीणबाईनं तो तिला कायमचा दिलाय. ती आता दवाखान्यात अडलेल्या बायांना दाखवायला जाती, आणि तू पाडव्याला नेशील तवा हे काम सुटंल, याचं तिला जरा वाईट वाटतंय. ते तुमचं तुम्ही बोला. मी मधी पडत न्हाय. पण विचार मात्र तिला.

मघाशी बोंडलं तोंडाशी नेलं तर पिराजीनं ओठ मिटले. दोन्ही ओठ, पुरते. नको होतं त्याला, पोट भरलं होतं. नको म्हणायला आधी त्याच्यापाशी ओठच नव्हते. आम्ही तिघी त्याच्याकडं बघत बसलो आणि तो आमच्याकडं, तोंड घट्ट मिटून.

मिरजेच्या ठेसनावर तू मला इचारलंस, "आक्का, जेवलीस का?" त्या सगळ्या दिवसात तू माझ्यासाठी म्हणून बोललेलं तेवढंच. मी "व्हय" म्हटलं, कारण तुझी गाडी सुटायला आली होती.

जेवले नव्हते. पाडव्याला ये, मग जेवते.

तानाआक्का